जपानी वहिनी

सरांनी माझ्या गावाची टिंगल केली ती पापड खाता खाता. तो पापड मोडल्याचा आवाज पुढे कित्येक महिने माझ्या कानात होता, आणि मीही तो मुद्दाम जपून ठेवला होता. राग विरून जाऊ नये म्हणून माणसाला काहीतरी खूण लागते.

सर म्हणजे कुवेतमधल्या आमच्या महबूल्यातल्या मराठी मंडळींचे सर. मूळचे पुण्याचे, इथे तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी कधी कुणाला काही शिकवल्याचं मला ठाऊक नाही, पण पाठीमागे फळा असल्यासारखे ते बोलतात, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. महिन्यातला एक शुक्रवार आम्ही कुणाच्या तरी बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जमतो. बायका-पुरुष डबे घेऊन येतात, मुलं कोपऱ्यात आपापल्या फोनमध्ये शिरतात, आणि कुणीतरी सुट्टीत पाहून आलेल्या देशाचे फोटो पडद्यावर दाखवतं. त्या शुक्रवारी सरांचा जपान होता.

सर टूरबरोबर गेले होते. मोठी शहरं त्यांनी झटपट उरकली आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता जपान दाखवतो." पडद्यावर डोंगरातलं एक छोटं गाव आलं. उतरत्या छपरांची घरं, मागे धुकं, रस्त्यावर वाकलेली एक म्हातारी. तरुण माणसं शहरात गेली, शाळा बंद पडली, उरली ती थोडी वयस्कर मंडळी, असं सर सांगत होते. "पण बघा, ह्या रिकामेपणातसुद्धा काय शांती आहे! गोष्टी जुन्या होत जातात त्यातही सौंदर्य असतं. त्यांच्याकडे ह्याला एक शब्द आहे."

सरांच्या मते जपान्यांकडे प्रत्येक गोष्टीला एक शब्द असतो.

मला ते गाव फार आवडलं. मी भाबडेपणाने बोलून गेलो, "सर, अगदी आमच्या गावासारखं आहे हो."

सरांनी पापड मोडला. "तुमच्या गावासारखं? अहो, काय राहिलंय तुमच्या गावात? चार म्हाताऱ्या, माकडं आणि कुलपं!"

सगळा हॉल हसला. हसणाऱ्यांत माझी मुलगी होती.

आता गावाबद्दल सरांचं म्हणणं खोटं होतं असं नाही. आमचं गाव रत्नागिरीच्या डोंगराळ अंगाला, सह्याद्रीची भिंत जिथे समोर उभी राहते तिथे आहे. आमच्या वाडीतली बहुतेक घरं बंद आहेत. माणसं मुंबईला गेली, काही आमच्यासारखी आखातात आली. उघडं आहे ते माझ्या थोरल्या भावाचं घर. दादा आणि वहिनी. त्यांना मूलबाळ नाही. माझी मुलगी कुवेतमध्ये जन्मली, लहानपणी दोनदा गावी गेली, त्यानंतर नाहीच. वहिनीचा प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू होतो. "भावजी, पोरीला कंदी धाडताव?" मुलगी बारावीत आली होती. बारावीनंतर ती कुठल्या तरी दूरच्या देशात शिकायला जाणार, आणि मग ती कुणाच्या हाती लागणार नाही, हे मला दिसत होतं. वहिनीलाही दिसत होतं. म्हणून त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी यायला मी तिला मोठ्या मिनतवारीने तयार केलं होतं.

त्या शुक्रवारी परत येताना गाडीत ती मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, मी नाही येत गावाला. तिथे नेटवर्कपण नाही. आणि अंकल म्हणाले ना, फक्त कुलपं आणि मंकीज."

"अंकल गेलेत का कधी तिथे?"

"ही नोज थिंग्ज, बाबा."

ही नोज थिंग्ज! म्हणजे मी ज्या पायवाटांवर गुडघे फोडले, त्या गावाबद्दल माझ्या मुलीला आता पुण्याचा माणूस सांगणार. त्या क्षणी मी ठरवलं की ह्या माणसाचा सूड घ्यायचा. साधा घ्यायचा नाही, थाटामाटात घ्यायचा, पडदा लावून, दिवे घालवून.

माझ्या बायकोने शेजारच्या सीटवरून माझ्याकडे पाहिलं. ती नाशिकची आहे, पण माझा चेहरा तिला वाचता येतो. "अहो, तुम्ही काहीही करणार नाही आहात."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुमचे डोळे तसे झालेत. नमनातल्या मावशीसारखे."

तरुणपणी गावच्या नमनात, म्हणजे आमच्याकडच्या सोंगांच्या खेळात, मी गवळणींची मावशी व्हायचो. लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून कृष्णाला अशा काही फैरी झाडायचो की लोक दुसऱ्या वाड्यांतून बघायला यायचे. तेव्हा वाड्यांत लोक होते.

उन्हाळा आला. मुलगी आईबरोबर नाशिकला मामाकडे गेली. मी महबूल्यात एकटा, तापलेल्या बाल्कनीकडे पाठ करून बसलेला. वहिनीला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून दोन फोन उचलले नाहीत. आणि तेवढ्यात देव माझ्या बाजूने उभा राहिला. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या कामासाठी आमच्या कंपनीचे काही पंप जपानमध्ये तयार होत होते. ते जहाजावर चढण्याआधी चालवून बघायला कुणीतरी जायला हवं होतं. जाणारा आयत्या वेळी आजारी पडला आणि मला पाठवण्यात आलं. विमानात बसलो तेव्हा सूड कसा घ्यायचा हे मला अजून माहीत नव्हतं, पण सामान मिळणार ह्याची खात्री होती.

कारखान्यातला जो इंजिनियर माझ्या दिमतीला होता तो साधारण माझ्याच वयाचा. इंग्रजी बेताचं. एकेक शब्द हातात घेऊन, पुसून, मग टेबलावर ठेवावा तसा तो बोलायचा. सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या गावाला. तो दचकला. गाव डोंगरात आहे, म्हणाला. लांब आहे. तिथे काही नाही.

"काही नाही म्हणजे काय काय नाही?"

तो विचार करून म्हणाला, "ओन्ली ओल्ड पीपल. अँड मंकी."

मी त्याचा हात धरला. "मला आत्ताच्या आत्ता तिथे घेऊन चल."

गाव म्हणजे दरीच्या दोन्ही अंगांना टांगलेली घरं. पाऊस लागला होता. भाताच्या टप्प्याटप्प्याच्या शेतांतून पाणी उतरत होतं. शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि मैदानात गुडघाभर गवत. माझा यजमान सगळा रस्ताभर माफी मागत होता. दुकान बंद झालं, सॉरी. बस कमी झाली, सॉरी. हा शेजारी वारला, सॉरी. जणू त्यानेच मारला. मला ओळखीचं वाटत होतं ते हेच. मीसुद्धा माझं गाव कुणाला दाखवताना असाच बोलतो.

त्याचा मोठा भाऊ आणि भावजय तिथे राहतात. त्यांनी चहा दिला, खारवलेल्या मुळ्याच्या फोडी दिल्या. आम्ही पडवीत बसलो होतो. हो, पडवीच. तिला ते काहीतरी वेगळं म्हणतात, पण पावसाकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन बसायची जी जागा, ती पडवी. एवढ्यात पलीकडच्या शेतात माकडं उतरली. यजमानाचा भाऊ ताडकन उठला, बादलीतून फटाक्याचा बाण काढला आणि पेटवून सोडला. बाण पावसात फुसकला. माकडं ढिम्म. मग मला राहवेना. मी अंगणात उतरलो, धोतराचा नसलेला काचा मारला आणि आमच्या वाडीवर वहिनी देते तशी पोटातून आरोळी दिली. जोडीला पत्र्याचा डबा बडवला. माकडं थबकली. त्यांनी असलं काही पूर्वी ऐकलं नसावं. एक मोठा हुप्प्यासारखा गडी माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि मग सगळा कळप झाडांत पळाला. यजमानाच्या भावजयीने टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मला परदेशात मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

मग फोन निघाले. मी त्यांना कुवेत दाखवलं, समुद्र दाखवला, बायको-मुलगी दाखवली. बोट सरकलं आणि वहिनीचा फोटो आला. तिने सकाळीच, नेटवर्क सापडतं त्या टेकाडावर चढून पाठवला होता, भाताची लावणी सुरू झाल्याचा. शेतात वाकलेली पाठमोरी वहिनी, अंगावर इरलं.

इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांवर पानं दाबून केलेलं, डोक्यापासून पाठभर येणारं पावसाचं पांघरूण. आता सगळे प्लास्टिक गुंडाळतात, पण वहिनी म्हणते की इरल्यात दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठीत पाणी उतरत नाही. आमच्याकडे इरली विणणारा माणूस मुलाकडे मुंबईला गेला, तेव्हापासून दादाच विणतो. त्याचं इरलं एका बाजूला कलतं.

यजमानाने तो फोटो पाहिला. जवळ घेतला. भावाला दाखवला. दोघं बराच वेळ आपसांत काहीतरी बोलत होते. मग त्याने मला अगदी हळू आवाजात विचारलं, "हा फोटो तू कुठे काढलास? नदीकडच्या घरातली आजी ना ही? ते घर तर आता बंद आहे. ती गेली."

मी सांगितलं की ही माझी वहिनी आहे, हिंदुस्थानातली, आणि ठणठणीत आहे. त्यांचा विश्वास बसेना. यजमानाचा भाऊ उठून आत गेला आणि गवताचं एक जुनं पांघरूण घेऊन आला. त्याच्या आईचं. पावसात घालायचं. त्याने ते माझ्या पाठीवर चढवलं आणि सगळे माझ्याभोवती फिरून मला बघू लागले.

त्या गवताच्या वासात उभं राहून मला सरांची आठवण झाली आणि मी मोठ्याने हसलो. त्यांना वाटलं मला गुदगुल्या होतायत. गावात जन्मलेली दोन माणसं फसली होती. मग टूरबरोबर आलेला माणूस किती फसेल!

कुवेतला परतल्यावर मी वहिनीला फोन केला आणि फोटोंचा रतीबच लावून घेतला. तिला वाटलं दिराला गावची आठवण येतेय. तसंही होतं म्हणा. दादा फोटो काढायचा, वहिनी पाठवायची. एकदा दादाने फोटोऐवजी व्हिडिओचं बटण दाबलं. तो मी दाराला कडी लावून पुन्हा पुन्हा पाहिला आणि वेगळा ठेवून दिला. गणपती झाले, लोक सुट्टीवरून परतले, आणि मी जाहीर केलं की पुढच्या शुक्रवारी माझा जपान.

सर पहिल्या रांगेत मधोमध बसले. मला मदत करायला, असं ते म्हणाले. माझी बायको सरांच्या बाईंशेजारी. मुलगी कोपऱ्यात मैत्रिणींबरोबर. अगदी मागे खैतानहून मुद्दाम बोलावलेला एक वेल्डर, आमच्या शेजारच्या गावचा. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मला हॉलमध्ये एक तरी माणूस असा हवा होता, ज्याला सगळं आपोआप कळेल.

मी एक नियम केला होता. तोंडाने एकही खोटा शब्द बोलायचा नाही. सुरुवातीला सगळं जपानच दाखवलं. स्टेशन, दरी, शाळेचं बंद घड्याळ. ह्या गावात माणसं कशी कमी होत गेली ते सांगितलं. सर मान डोलावत होते, मध्ये मध्ये पुस्ती जोडत होते. मग मी काही न बोलता दादाची पन्हळ आणली. झऱ्याचं पाणी अंगणात आणायला चिरलेल्या बांबूची केलेली नाळ. ती एका ठिकाणी फुटली आहे, तिथे वहिनीने जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आहे.

"सर, हे काय असावं?" मी विचारलं.

सर खुर्चीत पुढे सरकले. "बांबूचं पाणी! झेन बागांमध्ये असतं. ह्या आवाजावर ते ध्यान करतात."

"आणि ती चिंधी?"

"चिंधी काय म्हणता! पाण्याच्या देवतेला वाहिलेलं वस्त्र आहे ते. त्यांच्याकडे ह्याला..."

"शब्द आहे," मी म्हणालो.

"आहेच," सर म्हणाले.

माझी बायको पन्हळ पाहूनच ताठ झाली होती. तिने ह्याच पाण्याने कपडे धुतले आहेत. तिने ओढणीचं टोक तोंडावर धरलं आणि तिचे खांदे हलू लागले. सरांच्या बाई तिला विचारत होत्या, "भरून आलं का हो?"

पुढे वाडीच्या वेशीवरचा राखणदार आला. झाडाखालचा धोंडा, त्याला लाल फडकं. सरांनी तो लांबूनच ओळखला. लहान मुलांचं रक्षण करणारा जपानी देव, लाल कापडावरून कळतं. हॉलमधल्या एका आजींनी हात जोडले. आमचा राखणदार कोंबडा घेतल्याखेरीज कुणाचं रक्षण करत नाही, पण मी नियमाप्रमाणे गप्प राहिलो. मागून खैतानचा वेल्डर खोकला.

मग मी कुलूप आणलं. शेजारच्या बंद घराच्या दारावरचं, गंजून तांबडं झालेलं.  कुणाला शंका यायची तर इथेच येणार होती.  सरांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला.

"बघा," ते म्हणाले. "ह्या एका कुलपात किती वाट पाहणं आहे."

मला तो पापड पुन्हा ऐकू आला, आणि ह्या वेळी तो फार खमंग लागला. खरं तर मी तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझं लक्ष कोपऱ्याकडे होतं. मुलीने फोन बाजूला ठेवला होता.

मी पुढचं चित्र आणलं. हिरवं शेत, धुकं, पाऊस, आणि मधोमध कलतं इरलं घातलेली पाठमोरी बाई.

"आहाहा!" सर उभेच राहिले. "हे त्यांचं पारंपरिक पर्जन्यवस्त्र. आणि बघा, ते एका बाजूला कललंय. मुद्दाम! दोन्ही बाजू सारख्या करणं त्यांना ओबडधोबड वाटतं. हात बघा कारागिराचा. आपल्याकडे हे जमणार नाही."

दादाला हे ऐकवता आलं असतं तर त्याने कोयता खाली ठेवून सरांचे पाय धरले असते.

तेवढ्यात कोपऱ्यातून मुलगी उठून पुढे आली. पडद्याचा हिरवा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. "बाबा, कॅन वी गो देअर? सिरियसली. मला ह्या आजीला भेटायचंय."

"हिलाच भेटायचंय?"

"हो."

"तिथे नेटवर्क नाही."

"सो व्हॉट?"

"माकडं आहेत."

"बाबा!"

"शब्द देतेस?"

"प्रॉमिस."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. काय नाटक करतोस!"

मी बटण दाबलं. ते चित्र फोटो नव्हतंच. तो दादाचा व्हिडिओ होता, सुरुवातीलाच थांबवून ठेवलेला. पडद्यावर पाऊस पडू लागला. बाई जरा वेळ तशीच निश्चल उभी राहिली, कारण तिला वाटत होतं फोटो निघतोय.  मग जपानी आजी कमरेवर हात देऊन मागे वळली आणि म्हणाली:

"आवो, काढलाव काय? माजी पाठ भरून आली!"

हॉलमध्ये कुणी हललं नाही. वहिनीने डोळे बारीक करून फोनकडे पाहिलं. मागून दादाचा आवाज आला, "बोल, बोल, चालू हाय." मग ती पुढे आली, पडदाभर झाली, नाकावरून पाणी ठिबकतंय, आणि थेट माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघून बोलू लागली.

"भावजी, पोरीला कंदी धाडताव? तिच्यासाटी फनसाचा रस वाळवून साटां करून ठेवलीत. डब्यात घालून माळ्यावर ठेवलीत, माकडांच्या भ्यानं. आता ती आली न्हाय तर माकडांनाच घालत्ये बगा! त्यांना तरी माजी कदर हाय."

पहिला फुटला खैतानचा वेल्डर. त्याचं हसू खुर्च्यांच्या रांगांवरून दरडीसारखं खाली आलं आणि मग सगळा हॉल कोसळला. हात जोडणाऱ्या आजींना कुणीतरी पाणी दिलं. माझ्या बायकोने ओढणी सोडून दिली आणि सरांच्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडेपर्यंत हसली. सरांच्या बाईही हसत होत्या, आणि नवऱ्याकडे बघून जास्तच हसत होत्या.

सर अजून उभेच होते. मी दिवे लावले. त्यांना उजेडात बघायची माझी फार इच्छा होती.

"मला थोडी शंका आलीच होती," ते म्हणाले.

"कुठे आली सर?"

"त्या रेनकोटपाशी."

"मग बोलला नाहीत?"

"म्हटलं, तुमचा कार्यक्रम कशाला बिघडवा." मग त्यांनी खाकरून घसा साफ केला. "पण मुद्दा तोच आहे ना. रिकामेपणातलं सौंदर्य."

"हो सर. आमच्याकडे ह्याला एक शब्द आहे," मी म्हणालो. "कुलूप."

त्यानंतरचे महिने मी कसे काढले म्हणून सांगू! साक्षात स्वर्गात. फहाहीलच्या सुपरमार्केटात कुणी सरांना गाठून वाकडी काकडी पुढे करायचं, "सर, हे मुद्दाम केलंय का हो?" एका मुंजीच्या जेवणात पाण्याचा जग गळत होता, तर लोकांनी त्याला रुमाल बांधून सरांपुढे ठेवला. मी स्वतः काही करत नव्हतो. मी फक्त हजर राहत होतो.

मुलगी मात्र कार्यक्रमाच्या रात्री गाडीत खिडकीला चिकटली. समुद्राकडचे दिवे बघत बसली होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तू मला बनवलंस. माझ्या फ्रेंड्ससमोर."

"सरांनी मला बनवलं तेव्हा तू हसली होतीस."

"आणि काकीलापण वापरलंस. तिला माहीतपण नाही."

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली. ती मला म्हणाली की मुलीला म्हणाली, ते कळलं नाही, कारण "अहो" मला म्हणते, पण बघत मुलीकडे होती.

पुढे बरेच दिवस घरात मीठ मागायचं तरी मुलगी आईमार्फत मागायची. मी सहन केलं. शब्द तर चाळीसएक माणसांसमोर दिला होता, तो कुठे जातोय! मी मनातल्या मनात हिवाळ्याच्या सुट्टीतली तिकिटंसुद्धा काढून टाकली. दादाच्या अंगणात मी गाडीतून उतरतोय, मुलगी मागे, वहिनी धावत येतेय, हा प्रवेश मी इतक्या वेळा बसवला होता की त्यातलं माझं बोलणं मला पाठ झालं होतं.

मग एके दिवशी मी चहा करत होतो आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी जाणार आहे गावाला. प्रॉमिस केलंय म्हणून."

"शाब्बास!"

"पण तू येणार नाहीस."

चहा उतू गेला. "म्हणजे काय?"

"तू आलास तर सगळं दाखवशील. हे बघ, ते बघ. नाटक करशील. मला काकीला एकटीला भेटायचंय. काका मला मुंबईला घ्यायला येणार आहेत, मी फोन केला त्यांना."

तिने दादाला परस्पर फोन केला होता! "आणि मी इथे काय करू?"

"तुझे सर आहेत ना इथे," ती म्हणाली. "त्यांच्याशी खेळ."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, असा नेमका वार बसला की मला आत कुठेतरी अभिमानच वाटला. माझ्या पोटची आहे, शंकाच नाही.

डिसेंबरात ती आणि तिची आई गेल्या. आई नाशिकला, ती गावाला. मी महबूल्यात एकटा. पहिल्या काही दिवसांत फोन लागलाच नाही. मग लागला तेव्हा वहिनीने उचलला. ह्या वेळी तिचं नेहमीचं वाक्य नव्हतं.

"भावजी, मला तुमी त्या जपानची म्हातारी दाखवलाव?"

"वहिनी, तुमचं फार कौतुक झालं तिथे."

"कौतिक पाठीचा झाला! तोंडाचा कुठं झाला? आनी त्यो कलता इरला! नवा इरला पडवीत टांगलेला व्हता, मला बोलला असताव तर त्योच घातला नसता काय?"

"वहिनी, कलतं होतं म्हणूनच तर..."

"न्हाय, मला पोरीनं समदं सांगितलान. आता तुमी आलाव की बगत्ये तुमच्याकडं." आणि फोनपासून तोंड वळवून तिने हाक मारली, "अगो ये, तुजा बाप हाय!"

लांबून आवाज आला. "त्याला सांग, मी कामात आहे!"

माझी मुलगी. कामात. कुठल्या? मी कान इतका दाबून धरला की दुखायला लागला. पावलं आली, धापा आल्या.

"कसं आहे?" मी विचारलं.

"सांगणार नाही."

"हिरवं नसेल आता. डिसेंबरात गवत वाळतं. ते फोटो पावसाळ्यातले होते, मी तुला सांगणारच होतो..."

"बाबा, मला दिसतंय काय आहे ते."

"बरं, काय करतेस तिथे दिवसभर?"

"काकीला विचार."

"काकी रागावलीय माझ्यावर."

"मीपण."

"एक तरी फोटो पाठव. तुझा आणि काकीचा."

"नाही. तू स्लाइड करशील." आणि तिने फोन ठेवला.

सुट्टी संपायच्या आत तिने आईला कळवलं की परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल का, शाळेला काहीतरी सांगता येईल का. हे मला बायकोकडून कळलं. मला कुणी काही सांगत नव्हतं. फोटो तर एकही नाही.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये सर भेटले. ते माझ्याच बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी आले होते. त्यांना माझी मुलगी गावाला गेल्याचं कळलं होतं. इकडचं तिकडचं बोलले आणि मग लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "काय म्हणतेय हो ती? कसं वाटलं तिला?"

"काही सांगत नाही सर."

"फोटो तरी दाखवा."

"नाहीत."

"असं कसं? एखादा तरी असेल."

"देवाशपथ सर, एकसुद्धा नाही."

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पुन्हा काहीतरी कारस्थान शिजवतोय असा घोर संशय होता, आणि त्याखाली, मला स्वच्छ दिसलं, ते गाव बघायची खरीखुरी इच्छा होती. मी खरं बोलत होतो. त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांचा मजला आला, दार उघडलं, तरी ते उतरेनात.

"तुम्ही लपवताय," ते म्हणाले.

मी दार उघडं राहावं म्हणून बटण दाबून धरलं. नमनातल्या मावशीला कधी गप्प राहायचं ते कळत असे.